भात कापलं की कुणगा रिकामा सोडू नका, गुरांना चरायला चवळी-मका पेरा

दसरा झाला की आमच्या गोव्यात डिचोली बाजूला भातकापणी सुरू होते आणि कापून झालं की तेच शेत पुढच्या जूनपर्यंत तसंच पडून. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भात, करणारे आता बोटावर मोजण्याइतके राहिलेत, ज्यांना पाणी आहे ते करतात, बाकीच्यांच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, नुसती धसकटं आणि त्यावर फिरणारी गुरं. आणि त्याच घराच्या गोठ्यात दोन गाई असतात त्यांना मात्र जानेवारी-फेब्रुवारीपासून विकतची वैरण. हे मला फार वर्षं खटकत होतं. कापणी होते तेव्हा मातीत ओल असते, पाय टाकला तर टाचेचा ठसा उमटतो, म्हणजे चार महिन्यांचा पाऊस आत मुरलेला असतो आणि तो आपण असाच उन्हाला देऊन टाकतो. तीच ओल वापरून ५०-६० दिवसांत हिरवा चारा उभा करता येतो आणि तो कापून न आणता गुरांना तिथेच चारता येतो. मी गेली चार वर्षं करतोय, आधी एकाच कुणग्यात केलं, आता तीन कुणगे मिळून साधारण ३००० चौरस मीटर.

आधी एक गोष्ट, कारण हे मला बरेच जण विचारतात. इंग्लंड, न्यूझीलंडकडे दोन मुख्य पिकांच्या मधल्या रिकाम्या वेळात केल पेरतात, कोबीच्या कुळातली पण गड्डा न धरणारी पालेभाजी, आणि थंडीत गवत वाढायचं थांबतं तेव्हा गुरं त्यात सोडतात. मग आपण पण केल लावूया का? चाऱ्यासाठी नको. केल थंडीचं पीक, आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा दुपारी ३०-३२ डिग्री असतं, वर कोबीवर्गाला लागणाऱ्या अळ्या, बी महाग, आणि पाणी सतत द्यावं लागतं. परसात चार झाडं भाजीला लावा, हरकत नाही. पण त्या लोकांची चारायची पद्धत मात्र शंभर टक्के घेण्यासारखी आहे. अख्खं शेत एकदम उघडायचं नाही, रोज एक पट्टी उघडायची, सोबत कोरडा चारा द्यायचा आणि गुरांना हळूहळू आठवडाभरात सवय लावायची. पीक आपलं घ्यायचं, पद्धत त्यांची.

आपलं पीक म्हणजे चवळी आणि मका. चवळीत प्रोटीन जास्त, सुक्या वजनावर १६ ते २० टक्क्यांच्या घरात, मक्यात ९-१० टक्के पण मका पोट भरतो आणि वजन देतो. दोन्ही एकत्र असले की गाय नुसत्या चवळीवर तुटून पडत नाही आणि पोट फुगायची भीती कमी होते. ज्वारी किंवा सुदान गवताचं बी पण दुकानात मिळतं आणि दुकानदार आग्रह करतो, पण चरायला सोडायचं असेल तर ते मी घेत नाही. कोवळ्या ज्वारीत आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य असतं, फुलोऱ्यापूर्वी जनावराने भरपूर खाल्लं तर तासाभरात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे तर ओलीवरचं पीक, ताण बसणारच.

जमीन कुठली ते बघा. खेर जमीन, म्हणजे मधल्या उंचीची, थोडी रेताड, पाणी निचरणारी, ही एकदम उत्तम. मोरड म्हणजे वरची तांबडी दगडी जमीन, तिथे ओल लवकर उडते त्यामुळे दोन-तीन वेळा पाणी द्यायची सोय हवी. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, करू नका, पाऊस थांबला की तिथे खार वर येतो आणि तेवढा खार चवळीला सोसत नाही, पैसे फुकट जातील. आणि ज्या कुणग्यात कापणीनंतर पण पाणी साचून राहतं तिथे आधी मेरेला, म्हणजे बांधाला, तोंड पाडून पाणी काढा, चवळीच्या मुळांना पाण्यात उभं राहायला आवडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. कापणी आणि पेरणी यांच्यात पाच-सहा दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. दिवाळी होऊ दे मग बघू, मग मळणी, मग तुळशीचं लग्न, असं करत डिसेंबर उजाडला, पॉवर टिलर घातला तर विटेसारखी ढेकळं निघाली, बी टाकलं ते अर्धं उगवलंच नाही आणि जे उगवलं ते वीतभर वाढून पिवळं पडलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कापणी झाली आणि चौथ्या दिवशी पेरलं, तोच कुणगा, तेच बियाणं, आणि पीक कमरेला लागलं. ओल आहे का ते बघायची सोपी रीत म्हणजे चार बोटं खोलवरची माती मुठीत घेऊन दाबायची, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर पेरा. गोळा चिकट राहून हाताला माती लागली तर दोन दिवस थांबा, आणि गोळाच झाला नाही तर आधी एक पाणी दिल्याशिवाय पेरू नका. १५ नोव्हेंबरच्या पुढे गेलात तर पाण्याची सोय असेल तरच. आमच्या काही शेतांना तिळारीचा कालवा आहे, सत्तरीत केरीकडे अंजुणे धरणाचं पाणी, तिथल्यांना थोडी सवड मिळते.

ज्योतीसारखं लवकर तयार होणारं भात असलेला कुणगा पहिला धरा, जया लावलेला नंतर. तिन्ही कुणगे एकाच दिवशी पेरायचे नाहीत, बारा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर सगळा चारा एकदम तयार होतो आणि निम्मा निबर होऊन काड्या होतात. माझा तिसरा कुणगा विहिरीजवळचा आहे तो मुद्दाम शेवटी ठेवतो कारण त्याला पाणी देता येतं.

बियाण्याचं प्रमाण १००० चौरस मीटरला सांगतो, आपण गोंयकार मीटरवरच मोजतो. नुसती चवळी असेल तर ४ किलो, नुसता मका तर साडेसात किलो, मिश्र असेल तर मका ५ किलो आणि चवळी दीड ते दोन किलो. मक्यात आफ्रिकन टॉल ही चाऱ्याची जात सगळीकडे मिळते, उंच, भरपूर पाला. चवळीत चाऱ्याच्या जाती वेगळ्या असतात, ईसी-४२१६, यूपीसी-५२८६, बुंदेल लोबिया, यातली जी मिळेल ती. आपले अळसांदे, म्हणजे खायची गावठी चवळी, चाऱ्याला पेरू नका, एवढं महागाचं बी, ते खायला. अळसांदे हवेच असतील तर मेरेच्या कडेला एक ओळ घाला, शेंगा तोडून घरी न्या आणि मग वेल गुरांना, मी तसंच करतो आणि घरची वर्षभराची उसळ त्यातच निघते. बियाणं कृषी खात्याच्या झोनल ऑफिसात कापणीच्या महिनाभर आधी विचारून ठेवा, ऐनवेळी गेलात तर नसतं. आणि एक, दुकानातल्या मक्याला बऱ्याचदा लाल-गुलाबी औषध चोळलेलं असतं, उरलेलं ते बी कोंबड्यांना किंवा गुरांना चुकूनसुद्धा घालू नका.

चवळीच्या बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, लावा. पाकीट स्वस्त असतं, २५० ग्रॅमचं एक पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या चिकट पाण्यात कालवायचं, बियांवर हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुपात पसरून सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पाकिटावरची तारीख बघा, जुनं असलं तर त्यातले जिवाणू मेलेले असतात. काम झालं की नाही ते महिन्याभराने कळतं. एक झाड हळूच मातीसकट उपटा, मुळांवर मोहरी-वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील, एक गाठ नखाने फोडा, आत लालसर गुलाबी असेल तर ती हवेतला नत्र पकडतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर उपयोग नाही. पहिल्या वेळी मी ती गुलाबी गाठ बघितली तेव्हा बायकोला हाक मारून दाखवली होती.

नांगरट खोल करायची नाही. एकदा पॉवर टिलर, तीन-चार इंच, आणि त्याच दिवशी लगेच फळी मारून माती दाबून घ्यायची, नाहीतर उघड्या मातीतून ओल भराभर जाते. पेरताना ओळीत पेरा, एक फुटावर ओळी, दोन ओळी मका एक ओळ चवळी, दीड-दोन इंच खोल. मका रात्रभर भिजवून घेतला तर लवकर उगवतो. टिलर नसेल आणि हाताने कापणी केली असेल तर धसकटांच्या मधल्या जागेत काठीने भोक पाडून दोन-दोन बिया टाकत गेलात तरी चालतं, मेहनत आहे पण ओल सगळी वाचते. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी उभ्या भातातच चवळी फेकायची पण पद्धत आहे. पण मोठं हार्वेस्टर येणार असेल तर ती करू नका, त्याच्या चाकांखाली कोवळी रोपं चिरडतात आणि चाकोऱ्यांत माती अशी घट्ट होते की तिथे पुढे काही उगवत नाही. हार्वेस्टरने कापलेल्या शेतातला पेंढा मात्र आधी गोळा करून उडवी रचून ठेवा, तो पुढे लागणारच आहे, का ते सांगतो.

खत फार नाही लागत. टिलर मारायच्या आधी चांगलं कुजलेलं शेणखत जेवढं असेल तेवढं, आणि १००० मीटरला २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, ४ किलो युरिया. आपली माती आम्लधर्मी असते त्यामुळे रॉक फॉस्फेट पण चालतं आणि आदल्या वर्षी चुना घातलेला असेल तर चवळी जास्त खूश. युरिया जास्त ओतू नका, पाण्याचा ताण असताना मक्यात नायट्रेट साठतं आणि ते गुरांना बाधतं.

उगवणीनंतरचे पहिले दहा दिवस राखण करावी लागते. मोर आणि कबुतरं. मोर तर ओळीने एकेक कोंब उपटून बिया खात जातो, शिस्तीत, जणू त्याच्यासाठीच पेरलंय. आम्ही चकचकीत रिबन बांधतो आणि सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी कोणीतरी शेतात असतं, एवढं केलं की पुरतं. चवळीवर मावा आला, शेंड्याला काळे किडे चिकटलेले दिसले, तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी मारा. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसते, आत भुशासारखी विष्ठा असते, थोडं क्षेत्र असेल तर हाताने वेचलेली बरी. कडक कीटकनाशक मारू नका, याच पानांवर महिन्याभरात तुमची दुभती गाय तोंड घालणार आहे आणि तिचं दूध तुमच्या चहात येणार आहे.

आता खरी अडचण. कापणी झाली की गावची गुरं मोकळी सोडायची ही आपल्याकडची जुनी रीत, आणि ज्यांनी पेरलंय त्यांच्या एकट्याच्या हिरव्या तुकड्यावर सगळ्या वाड्याची गुरं येऊन पडतात. कोणाशी भांडून उपयोग नाही, त्यांच्या दृष्टीने ते पूर्वीपासून चालत आलंय. मी काय केलं, चतुर्थीलाच आजूबाजूच्या पाच घरांत जाऊन सांगितलं की बाबांनो यंदा मी पेरणार आहे, तुम्ही पण पेरा, बियाणं एकत्र आणू. पहिल्या वर्षी एकजण तयार झाला, आता चार कुणगेवाले लागून लागून पेरतात त्यामुळे कुंपण पण एकच लांब पडतं आणि राखण वाटून होते. शेजारीपाजारी सगळे पेरत असतील तर हे सोपं आहे, एकट्याने करणं फार जड जातं. कुंपणासाठी सरकारी अनुदान असतं, कृषी कार्ड काढलेलं असेल तर झोनल ऑफिसात चौकशी करा. सोलर झटक्याचं कुंपण घातलंत तर त्याचं मशीन नीट प्रमाणित घ्या, आणि घरच्या लाइनची वायर थेट तारेला जोडायचा विचार पण मनात आणू नका, माणसं मेलीत त्याने. सत्तरी, सांगे बाजूला जिथे गवे उतरतात तिथे साधं कुंपण टिकत नाही, तिथे जंगलाच्या कडेचा कुणगा सोडून घराजवळचाच घ्या.

५०-५५ दिवसांनी, चवळीला पहिली फुलं दिसायला लागली आणि मका तुरा काढायच्या बेतात आला की चारायला सुरुवात करा. त्याआधी किती चारा आहे ते मोजा. चार काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली आहे मी, ती शेतात तीन-चार ठिकाणी ठेवायची, एक जिथे दाट आहे, एक जिथे विरळ, आतलं सगळं कापून वजन करायचं आणि सरासरी काढायची. मागच्या वर्षी माझी १ किलो ४०० ग्रॅम आली, म्हणजे १००० मीटरच्या कुणग्यात १४०० किलो. माझ्या दोन गाई, एक गावठी पांढरी श्वेतकपिला आणि एक जर्सी क्रॉस, दोघींना मिळून दिवसाला ४० किलो हिरवं धरतो, बाकी पेंढा. हिशोबाने ३५ दिवस यायला हवेत, पण पायाखाली तुडवलं जातं, शेण पडलेलं खात नाहीत, ते पाचवा-चौथा हिस्सा जातंच, म्हणून एक कुणगा २६-२७ दिवस धरा. रोजची पट्टी मग साधारण ३६ चौरस मीटर होते. माझा कुणगा १२ मीटर रुंद आहे, म्हणजे रोज तीन मीटरची पट्टी. नायलॉनची दोरी आणि बांबूच्या खुंट्या, रोज सकाळी तीन मीटर पुढे सरकवायच्या, एवढंच काम. दोरी न मानणारी गाय असेल तर दाव्याने खुंट्याला बांधा, दाव्याची लांबी पट्टीच्या हिशोबाने. मागचं चरलेलं पण बंद करा, नाहीतर गुरं मागे जाऊन फुटवे खुडतात.

आणि आता जे सांगतो ते घाईघाईत वाचू नका. उपाशी गाय चवळीत सोडायची नाही. सकाळी दव असताना सोडायची नाही. आमची गावठी गाय दुसऱ्या वर्षी याच्यातच जाता जाता वाचली. सकाळी सातला लग्नाला जायचं म्हणून मुलाने तिला लवकर सोडली, पोटात काही नव्हतं, पानांवर दव, आणि दहा वाजता शेजाऱ्याचा फोन आला की गाय पाय आपटतेय. येऊन बघतो तर डावी कूस ढोलासारखी टम्म, बोटाने वाजवलं तर तसाच पोकळ आवाज, तोंडातून लाळ, जीभ बाहेर. व्हेटरनरी डॉक्टरला फोन केला, त्यांनी येईपर्यंत काय करायचं ते सांगितलं. पुढचे पाय उंचावर येतील अशी मेरेवर उभी करायची, बसू द्यायची नाही, गोडं तेल पाव लिटर अगदी सावकाश पाजायचं, डोकं फार वर न उचलता, नाहीतर तेल फुप्फुसात जातं. तेल दिलं, कूस चोळत राहिलो, अर्ध्या तासाने ढेकर आली. नंतर डॉक्टरनी येऊन औषध दिलं. चवळी ही लसूणघास किंवा बरसीम या चाऱ्यांएवढी फुगवत नाही म्हणतात आणि ते खरं आहे, पण मोकळ्या पोटी ओली चवळी म्हणजे खेळ नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. सकाळी दूध काढलं की आधी पेंढा, दोन किलो तरी पोटात जाऊ दे, मग पाणी, मग साडेनऊ-दहाला दव पूर्ण सुकल्यावर शेतात. पहिल्या दिवशी अर्धा तास, हातात घड्याळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासभर, असं वाढवत आठव्या-दहाव्या दिवशी तीन तास. पोटातले जिवाणू नव्या चाऱ्याला सरावायला तेवढे दिवस लागतात, घाई केली तर शेण पातळ होतं आणि दूध उलट कमी होतं. शेण रोज बघा, तेच सगळं सांगतं, लापशीसारखं घट्टसर असेल तर बरोबर, पाण्यासारखं झालं तर पेंढा वाढवा आणि चराईचा वेळ कमी करा. पहिले पंधरा दिवस कोणीतरी नजरेसमोर पाहिजे. पेंड लगेच कमी करू नका, दूध दोन आठवडे स्थिर दिसलं की मग हळूहळू. मी आता दोघींची मिळून दिवसाला एक किलो कमी करतो चवळी असेपर्यंत, दूध उतरत नाही. दोन गाईंच्या घराला हे फार मोठं वाटतं.

अवेळी पाऊस झाला, आणि तो आजकाल डिसेंबरात पण होतो, तर दोन-तीन दिवस चराई बंद ठेवा. एक तर ओल्या मातीत गुरांच्या खुरांनी खड्डे पडून जमीन घट्ट होते, आणि ताणावर असलेला मका पावसानंतर एकदम वाढायला लागतो तेव्हाच नायट्रेटचा धोका जास्त असतो. त्या दिवसांत उडवीचा पेंढा.

मका गाय वरचा पाला खाऊन जाडा दांडा सोडते. तो दांडा त्याच दिवशी कापून कुट्टी करून संध्याकाळी गोठ्यात द्या, उन्हात दोन दिवस राहिला तर तोंड पण लावत नाही. चवळीचं मूळ मात्र उपटू नका, जमिनीतच राहू दे, गाठींतला नत्र त्यातच आहे. सगळी पट्टी चरून झाली की पडलेलं शेण फावड्याने फोडून पसरून टाकतो, एका जागी गोळा राहिला तर जूनमध्ये लावलेलं तिथलं भात पुढे नुसतं पाल्यावर जाऊन आडवं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिसरा कुणगा संपतो, मग दोरी आणि खुंट्या गोळा करून पडवीत टांगायच्या, आणि मे महिन्यात पहिली वळवाची सर आली की एक उथळ नांगर.